आवाजाचा सातबारा

२००२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या रेडिओवर ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ नावाचं एक गाणं धुमाकूळ घालत होतं. गायिका ट्रुथ हर्ट्स, सोबतीला रॅपर राकिम, संगीत डीजे क्विकचं आणि कंपनी डॉ. ड्रे या बड्या असामीची. बिलबोर्डच्या पहिल्या शंभरांच्या यादीत ते नवव्या क्रमांकापर्यंत चढलं. हे गाणं लावलं की ट्रुथ हर्ट्सच्या बरोबरीनं दुसऱ्याच एका बाईचा आवाज कानावर येतो. तो हिंदीत गातो आणि गाणं संपेपर्यंत हटत नाही. लॉस एंजेलिसमध्ये गाडीच्या काचा खाली करून हे गाणं वाजवणाऱ्या पोरांना तो आवाज कुणाचा याचा पत्ता नव्हता. आपल्याकडे रिक्षाच्या मागच्या सीटवरच्या शाळकरी मुलानंही तो पहिल्या सुरात ओळखला असता.

डीजे क्विकला हे कसं सापडलं, ती हकिगत त्यानंच पुढे सांगितली. सकाळी उठून त्यानं टीव्ही लावला, एका हिंदी चॅनेलवर थांबला, आवाज मोठा केला आणि दात घासायला गेला. ब्रश तोंडात असतानाच अंग ठेक्यावर डोलायला लागलं. बाहेर येऊन पाहतो तर पडद्यावर नाच चाललेला. त्यानं व्हीसीआरचं रेकॉर्डचं बटण दाबलं. पडद्यावर होतं १९८१ च्या ‘ज्योती’ या चित्रपटातलं ‘थोडा रेशम लगता है’. संगीत बप्पी लाहिरींचं, आवाज लता मंगेशकरांचा.

या माणसाच्या कानाला मी नावं ठेवणार नाही. भाषा कळत नसताना, देश माहीत नसताना, एक गाणं सकाळी सकाळी त्याच्या अंगात शिरलं, ही त्या गाण्याला मिळालेली दादच आहे. पुढच्या भानगडीचं कारण साधं होतं. अल्बम बाजारात आला तेव्हा त्यावर बप्पी लाहिरींचं नाव नव्हतं.

हा आवाज आमच्याकडचा आहे, असं सांगलीत आजही सांगितलं जातं आणि ते खोटं नाही. मास्टर दीनानाथांनी १९१८ साली बळवंत संगीत मंडळी काढली आणि तिशीच्या दशकात मंगेशकरांचं बिऱ्हाड सांगलीत होतं. लताबाईंचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ चा, इंदूरचा, पण बालपण सांगलीतलं. आशाबाई तर सांगलीतच जन्मल्या, ८ सप्टेंबर १९३३ ला. दीनानाथ १९४२ साली पुण्यात गेले आणि पोरीबाळींवर घर चालवायची वेळ आली. गाणं त्या घरात आधी संस्कार होतं, मग पोटापाण्याचा उद्योग झालं. उद्योग म्हटला की हिशेब आला, आणि लताबाईंना हिशेब कळत होता. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मागणी लावून धरली की गाणं जितकं विकलं जाईल तितकी पार्श्वगायकालाही रॉयल्टी मिळावी. मोहम्मद रफींचं म्हणणं वेगळं होतं. गायकाला गाण्याचे ठरलेले पैसे मिळाले की त्याचा हक्क तिथे संपला, असं ते मानत. त्यावरून दोघांत असं फाटलं की काही वर्षं त्यांनी एकत्र गाणं बंद केलं. १९६७ च्या सुमारास समेट झाला.

हे भांडण लक्षात असू द्या. पुढे अमेरिकेतल्या एका कोर्टात ते न बोलावता हजर होणार आहे.

‘अ‍ॅडिक्टिव्ह’चा खटला दोन तोंडांनी चालला. सारेगामा कंपनीनं, म्हणजे पूर्वीच्या एचएमव्हीनं, तब्बल ५० कोटी डॉलरचा दावा ठोकला. बप्पी लाहिरीही वेगळे कोर्टात गेले. फेब्रुवारी २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या संघीय न्यायाधीशांनी मनाई हुकूम दिला की बप्पी लाहिरींचं नाव असल्याशिवाय अल्बम विकायचा नाही. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी विजयाच्या बातम्या छापल्या. एका भारतीय संगीतकारानं डॉ. ड्रेला गुडघ्यावर आणलं, असा एकूण सूर होता.

त्यानंतर काय झालं, ते मात्र फारसं कुणी छापलं नाही. खटला पुढे सरकला आणि प्रश्न आला की या चालीचा मालक कोण? उत्तर भारतीय कायद्यातच होतं. ‘ज्योती’साठी चाल बांधायला पैसे दिले प्रमोद फिल्म्सनी, म्हणून चालीचा पहिला मालक निर्माता. निर्मात्यानं हक्क रेकॉर्ड कंपनीला दिले, म्हणून नंतरचा मालक कंपनी. चाल ज्यांच्या डोक्यातून निघाली ते बप्पी लाहिरी मालकांच्या यादीत कुठेच नव्हते. अमेरिकन कोर्टानं त्यांचा दावा फेटाळला. वर, पाया नसलेला दावा चालवल्याबद्दल त्यांच्या वकिलाला सुमारे २ लाख ४७ हजार डॉलर भरायला लावले, आणि २०१० मध्ये अपील न्यायालयानं ते कायम केलं.

आणि लताबाई? या सगळ्या कागदांत त्या कुठेच नाहीत. रेडिओवर लोकांनी ऐकला तो त्यांचा गळा. पण दावा लावायला लागणारा कागद कंपनीजवळ होता.

आपल्या भागात हे पटकन समजेल अशा भाषेत सांगायचं तर, रान कसलं एकानं आणि सातबारावर नाव दुसऱ्याचं. फरक एवढाच की जमिनीच्या बाबतीत कुळाला कायद्यानं काहीतरी मिळालं. गाण्यातल्या कुळाचा विचार व्हायला फार वर्षं गेली. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयात इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी आणि पूर्व भारतातल्या चित्रपट निर्मात्यांची संघटना यांच्यात झगडा झाला. निकाल निर्मात्यांच्या बाजूनं लागला. चित्रपटासाठी पैसे घेऊन लिहिलेल्या गाण्याचा आणि बांधलेल्या चालीचा मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालाला सहमती दिली, पण खाली एक वेगळं टिपण जोडलं. गाण्यात लोकांना वेड लावतो तो गायक, आणि आपला कायदा त्याच गायकाला ओळखत नाही, याचं शल्य त्यांनी त्यात मांडलं. त्या वेळचा कायदा ‘संगीत’ म्हणजे काय तर कागदावर उतरवलेली स्वररचना एवढंच मानत होता. गळ्यातून निघणाऱ्या हरकतीला, मुरकीला, श्वास कुठे सोडला याला कायद्यात जागाच नव्हती. कलावंताचे हक्क नावाचा प्रकार नीट आला तो १९९४ च्या दुरुस्तीत, आणि गायकाच्या रॉयल्टीची भाषा आली २०१२ मध्ये. लताबाईंनी ती मागणी केल्याला तोवर पन्नास वर्षं होत आली होती.

आता दुसरा खटला. माझ्या मते जास्त मजेदार.

२००५ च्या जानेवारीत द गेम या रॅपरचा ‘द डॉक्युमेंटरी’ हा अल्बम आला. त्यातलं ‘पुट यू ऑन द गेम’ हे गाणं टिंबालँड या नावाजलेल्या निर्मात्यानं केलं होतं. त्यात ‘आराधना’मधल्या ‘बागों में बहार है’ या गाण्याचा जेमतेम सेकंदभराचा तुकडा होता. सेकंदभर म्हणजे किती, तर एक टाळी वाजवा. तो तुकडा कापून, फिरवून ठेक्यात बसवलेला. सारेगामानं खटला भरला.

अमेरिकेत अशा तुकड्यांबद्दल कोर्टं फार कडक झालेली होती. त्याच सुमाराला तिथल्या सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं गिटारच्या दोन सेकंदांच्या तुकड्यावरून निकाल देऊन टाकला होता की परवाना घ्या, नाहीतर ध्वनिमुद्रणाला हात लावू नका. तेव्हा सारेगामाची बाजू भक्कम वाटत होती. पण टिंबालँडच्या वकिलांनी जुनं दप्तर उघडायला लावलं. त्यात निघाला १९६७ चा एक करार, ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया आणि शक्ती फिल्म्स यांच्यातला. कोर्टानं तो कलमाकलमानं वाचला आणि म्हटलं, कंपनीला या ध्वनिमुद्रणावर एकाधिकार मिळाला होता तो दोन वर्षांपुरता. ‘आराधना’ १९६९ चा. म्हणजे १९७१ च्या आसपास मुदत संपली. २०११ मध्ये अकराव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं निकाल दिला की आज सारेगामा या ध्वनिमुद्रणाची मालकच नाही, मग चोरी झाली असेल तर ती कुणाची? कंपनी हरली.

आता हे गाणं गायलंय कुणी? लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी. रॉयल्टीवरून अबोला धरलेले तेच दोघे, समेट झाल्यानंतरचं हे द्वंद्वगीत. फ्लोरिडा, जॉर्जिया आणि अलाबामा या राज्यांवर अधिकार असलेल्या कोर्टात त्या दोघांच्या सेकंदभराच्या आवाजावर वर्षानुवर्षं खल झाला, वकिलांची फी निघाली. त्या दोघांपैकी कुणाचा हक्क आहे का, हा प्रश्न पटलावर नव्हताच. जगाच्या बाजारात लताबाईंचं म्हणणं खरं ठरलं असं म्हणावं, तर त्यांना मिळालं काहीच नाही. रफीसाहेबांचं खरं ठरलं असं म्हणावं, तर गाण्याचा हिशेब गायकासाठी संपला तरी इतरांसाठी चालूच राहिला.

इथे एक गोष्ट साफ सांगितली पाहिजे. दुसऱ्याची चाल उचलणं आपल्याकडे पाप नव्हतं. सातारा-सांगलीचा पट्टा तर उचललेल्या चालींवर वाढला आहे. (हे दोन जिल्हे एकाच घरचे. १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून वेगळा निघालेला भाग १९६० मध्ये सांगली जिल्हा झाला.) मराठी रंगभूमीचा आरंभच विष्णुदास भाव्यांच्या ‘सीतास्वयंवर’नं १८४३ साली सांगलीत झाला. सांगलीपासून हाकेच्या अंतरावरच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल, सांगलीचेच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. यांच्या संगीत नाटकांची जुनी पुस्तकं कुणाच्या माळ्यावर असतील तर काढून बघा. पिवळी पडलेली पानं, शिसाच्या खिळ्यांची छपाई, आणि प्रत्येक पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि ‘चाल’ दिलेली. चालीपुढे ज्या गाण्यावरून ती घेतली त्याची सुरुवात. कधी ठुमरी, कधी कानडी पद, कधी आधीच्याच नाटकातलं पद. लेखकाला त्यात कमीपणा वाटत नसे. उलट नटाला चाल लगेच कळावी म्हणून ती सोय होती. पण त्या सोयीमुळे आपोआप एक गोष्ट व्हायची. मूळ गाणं कोणतं हे हजारो घरांत छापील स्वरूपात पोचायचं. पैसे कुणी कुणाला देत नसे. नाव मात्र पोचायचं.

मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब हे दुसरं उदाहरण. झिंझोटीतली त्यांची ठुमरी ध्वनिमुद्रिकेवर गाजली आणि तीच ठुमरी कुंदनलाल सैगलांनी १९३५ च्या ‘देवदास’मध्ये गायली. आजच्या भाषेत हे कव्हर. सैगलांनी खाँसाहेबांची नक्कल केली नाही. विलंबित लयीतला तो पसारा आवरून त्यांनी ती दारू प्यालेल्या, खचलेल्या माणसाच्या तोंडी बसवली. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. मिरजेला त्यांच्या नावानं दर वर्षी दर्ग्यात गाणं होतं आणि ती ठुमरी आजही दोन्ही तऱ्हांनी ऐकली जाते. कोर्टात कुणी गेलं नाही.

शाहिरांनी याहून पक्की व्यवस्था केली होती. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव. मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, तमाशासाठी घरदार आणि जात सोडलेला माणूस. त्यांची लावणी ऐका, शेवटच्या कडव्यात बापूरावांचं नाव येतंच. ही नाममुद्रा यमकात आणि मात्रांत अशी गुंफलेली असते की नाव काढलं तर कडवं लंगडं होतं. एका फडातून दुसऱ्या फडात, एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत लावणी फिरली तरी कवी तिच्यासोबत फिरत राहिला. बापूराव १९४५ मध्ये गेले. आता कायद्यानं त्यांच्या लावण्यांवर कुणाचाही हक्क उरलेला नाही. नाव मात्र अजून आहे.

आता आजच्या दिवसांत या. साताऱ्यात, कराडला, विट्याला, सांगलीत एखाद्या गाळ्याच्या वरच्या मजल्यावर, भिंतींना अंड्यांच्या ट्रेसारखा फोम लावलेले छोटे स्टुडिओ आहेत. जत्रांची गाणी, निवडणुकीची गाणी, वाढदिवसाची गाणी आणि गणपतीच्या मिरवणुकीसाठी मिक्स, हा त्यांचा धंदा. काम कसं चालतं ते बघण्यासारखं असतं. लॅपटॉपवर जुनं गाणं ओढून टाकायचं. सॉफ्टवेअर दोन मिनिटांत गायिकेचा आवाज एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला काढून देतं. पूर्वी हे शक्यच नव्हतं, त्यासाठी मूळ टेप लागायची. मग आवाजाचा वेग वाढवायचा, कारण मिरवणुकीला धावता ठेका लागतो. खाली हलगी, बेंजो, बास. मधे दोन सेकंद सगळं बंद, म्हणजे पब्लिक ओरडेल. आणि मग सगळ्यांत महत्त्वाचं काम. गाण्याच्या सुरुवातीला आणि दर कडव्याच्या तोंडाशी एक दणदणीत आवाज टाकायचा, ‘डीजे अमुक, सातारा’ किंवा ‘डीजे तमुक, सांगली’. दुसऱ्या डीजेनं मिक्स चोरू नये म्हणून.

मला यात पठ्ठे बापूरावच आठवतात. तीच नाममुद्रा, तीच भीती. बापूराव मात्र स्वतःच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफत होते. इथे गायिका, गीतकार, संगीतकार तिघंही बिननावाचे आणि कापाकापी करणाऱ्याचा शिक्का तेवढा चारदा. पोरांचा दोष आहे, पण सगळा नाही. मोठ्या कंपन्यांनी मोठ्या चित्रपटांत काय वेगळं केलं? ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ गाजल्यावर त्याच ‘थोडा रेशम’चं ‘कलियों का चमन’ नावाचं रिमिक्स आपल्याकडे त्याच वर्षी निघालं आणि लग्नाच्या वरातीत वाजू लागलं. २०१९ मध्ये ‘टोटल धमाल’साठी ‘मुंगडा’ पुन्हा केलं, तेव्हा मूळ गायिका उषा मंगेशकर आणि संगीतकार राजेश रोशन या दोघांनी उघड नाराजी बोलून दाखवली. त्याच्या आदल्या वर्षी, जून २०१८ मध्ये, लताबाईंनी या विषयावर जाहीर टिपण लिहिलं होतं. जुनं गाणं नव्या तऱ्हेनं मांडण्याला त्यांचा विरोध नव्हता. गाणं मोडून-तोडून मांडायचं आणि श्रेय मूळ निर्मात्यांना सोडून भलत्यालाच द्यायचं, याला होता. कागदोपत्री अशा रिमेकमध्ये सहसा काही गैर नसतं. हक्क कंपनीकडे असतात, कंपनी परवानगी देते, कंपनीला पैसे मिळतात.

कायद्यातलं कव्हर आणि आपल्या बोलण्यातलं कव्हर यांतही अंतर आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-सी प्रमाणे एखादं गाणं प्रसिद्ध झाल्यावर पाच कॅलेंडर वर्षांनी कुणालाही ते नव्यानं गाऊन ध्वनिमुद्रित करता येतं. त्यासाठी आधी नोटीस द्यायची, दर वर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरायची, वेष्टनावर कव्हर असल्याचं लिहायचं आणि गाण्यात गरजेपलीकडे बदल करायचा नाही. मूळ ध्वनिमुद्रणाला हात लावायचा नाहीच. म्हणजे मिरवणुकीचं मिक्स या कलमात बसत नाही आणि पन्नास हजार प्रतींचे पैसे भरणारा गाळ्यातला स्टुडिओ अजून जन्माला यायचाय. कलम कंपन्यांसाठी लिहिलंय, पोरं ज्या जगात आहेत ते वेगळंच आहे. तिथे यूट्यूबचं यंत्र ध्वनिमुद्रण ओळखतं. एक तर क्लेम लागतो आणि जाहिरातीचे पैसे कंपनीकडे वळतात, किंवा स्ट्राइक येतो. नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक आले की चॅनेल जातं. लग्नाच्या वरातीत वाजवायला मात्र कायद्यानं सूट आहे, हे वरबापांनी लक्षात ठेवलेलं बरं.

आपल्याच मातीतलं एक उदाहरण घेऊ, म्हणजे हिशेब किती गुंतागुंतीचा आहे ते कळेल. अनंत माने यांच्या १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’मधली ‘बुगडी माझी सांडली गं’. साताऱ्याच्या वाटेवरची लावणी, लिहिली माडगूळच्या ग. दि. माडगूळकरांनी, गायली सांगलीत जन्मलेल्या आशाबाईंनी, संगीत वसंत पवारांचं. सातारा-सांगलीची याहून पक्की सोयरीक कुठल्या गाण्यात सापडायची नाही. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क ३१ डिसेंबर २०१९ ला संपला. शब्दांचा हक्क मात्र कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. गदिमा गेले १४ डिसेंबर १९७७ ला, म्हणून शब्द २०३७ संपेपर्यंत बांधलेले. चालीचा हिशेब संगीतकाराच्या मृत्यूपासून वेगळा. म्हणजे साताऱ्यातल्या पोरानं त्या तबकडीवरचा आशाबाईंचा आवाज उचलला तर ध्वनिमुद्रणापुरता त्याला कुणी जाब विचारू शकत नाही, पण त्या आवाजातल्या शब्दांसाठी विचारू शकतं. आवाज मोकळा झाला आणि शब्द बांधलेले राहिले.

वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांचं असंच. ‘माझी मैना’ ही त्यांची छक्कड आज गावोगावची पथकं गातात, कॉलेजातली पोरं रॅपमध्ये मिसळतात. अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ ला गेले. त्यांच्या शब्दांवरचा हक्क ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत आहे. ‘आराधना’च्या १९६९ मधल्या ध्वनिमुद्रणाचा भारतातला हक्कही त्याच दिवशी संपतो.

परदेशात सगळंच वाईट घडलं असं नाही. कॉर्नरशॉप या ब्रिटिश बँडनं १९९७ मध्ये आशाबाईंच्या नावानं गाणं केलं, ‘ब्रिमफुल ऑफ आशा’. नॉर्मन कुकनं केलेलं त्याचं रिमिक्स १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. पार्श्वगायिकेच्या नावावर इंग्रजी पॉप गाणं निघावं, ही गोष्ट त्या काळात सांगलीत कुणाला सांगितली असती तर थट्टाच वाटली असती. ब्लॅक आइड पीजनं २००५ च्या ‘डोन्ट फंक विथ माय हार्ट’मध्ये १९७८ च्या ‘डॉन’ आणि १९७२ च्या ‘अपराध’मधली आशाबाईंनी गायलेली गाणी वापरली, आणि कल्याणजी-आनंदजींना गीतकार-संगीतकारांच्या यादीत जागा मिळाली. पुढच्या वर्षी त्या गाण्याला ग्रॅमीही मिळालं. नाव दिल्यानं कुणाचं काही अडलं नाही, हे एवढ्यावरूनही दिसतं.

आता मामला नव्या वळणावर आला आहे. सेकंदभराचा तुकडासुद्धा कापायची गरज उरलेली नाही. यंत्राला आवाज शिकवला की त्या आवाजात कधी न गायलेलं गाणं गाऊन मिळतं. आशाबाईंनी यावर मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. २०२५ च्या सप्टेंबरअखेरीस न्यायमूर्ती आरिफ डॉक्टर यांनी अंतरिम आदेश देऊन, मेक या अमेरिकन कंपनीसह अनेकांना त्यांचा आवाज, नाव आणि छबी परवानगीशिवाय वापरायला मनाई केली. त्याआधी २०२४ मध्ये अरिजित सिंग यांनाही त्याच न्यायालयानं असंच संरक्षण दिलं होतं. सातबारावर गायकाचं स्वतःचं नाव लागलं ते इथे. कंपनीचा कागद नाही, निर्मात्याचा करार नाही, फक्त गळा ज्याचा त्याचा. ज्यांचं नाव सगळ्या देशाला ठाऊक आहे अशा गायकांना ते मिळालं. पुसेगावच्या जत्रेत रात्रभर गाणाऱ्या तमाशातल्या बाईनं मागितलं तर मिळेल का, याची मला खात्री देता येत नाही. मुंबईच्या वकिलाची फी कोण भरणार, हा पहिलाच प्रश्न येईल.

म्हणून या पट्ट्यातल्या वाचकांना एक विनंती. ऐंशी-नव्वदच्या दशकांत कॅसेट कंपन्या गावोगाव फिरल्या. शाहीर, भारूडवाले, तमाशाचे फड, गोंधळी, भजनी मंडळं, सगळ्यांची रेकॉर्डिंग झाली. बहुतेकांना एकरकमी पैसे देऊन एका कागदावर सही घेतली गेली. ते लोक आता थकलेत किंवा गेलेत, गाणी मात्र आज कुणाच्या ना कुणाच्या नावावर ऑनलाइन कमाई करताहेत. तुमच्या घरात असा कुणी असेल तर तो कागद शोधा. १९९५ पासून लागू असलेल्या कलम १९ प्रमाणे करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क दिले गेले ते पाच वर्षांपुरतेच मानले जातात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरते. जून २०१२ नंतरच्या करारात गायकानं सही करून रॉयल्टी सोडून दिली असली तरी ती सही चालत नाही, कारण तो हक्क सोडताच येत नाही. जुन्या गाण्यांना हे किती लागू होतं यावर वकिलांची मतं वेगळी आहेत, पण विचारायला तरी कागद हातात हवा. ‘आराधना’चा खटला ‘अ‍ॅडिक्टिव्ह’सारख्या ५० कोटी डॉलरच्या गर्जनेनं निकाली निघाला नाही. निकाली निघाला तो १९६७ च्या करारातल्या दोन वर्षांच्या मुदतीवर.